संसाराची व्याप्ती : साधनाताई आमटे यांच्या स्मरणाची प्रस्तावना

मराठीत ‘संसार’ हा शब्द एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन अर्थांनी वापरला जातो. संतवाङ्मयात आणि कीर्तनपरंपरेत संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा, ज्यातून सुटण्यासाठी माणसाने धडपडायचे असते. रोजच्या बोलण्यात मात्र संसार म्हणजे चूल, मुलेबाळे, दाणागोटा, आलागेला आणि आजारपणे यांचा तो व्याप, जो थाटायचा, चालवायचा आणि निगुतीने करायचा असतो. पहिल्या अर्थाने संसार सोडणारा पुरुष थोर ठरतो आणि दुसऱ्या अर्थाने तो नेटका करणारी स्त्री कौतुकाला पात्र ठरते, पण ते कौतुक उंबरठ्याच्या आतच राहते. समाजसेवेची मराठी कल्पनाही बऱ्याच अंशी पहिल्या अर्थाच्या सावलीत वाढल्यामुळे, सेवेला वाहून घेणे म्हणजे घरादारावर तुळशीपत्र ठेवणे, असे समीकरण रूढ होऊन बसले. साधनाताई आमटे यांचे आयुष्य या समीकरणात बसत नाही. कुष्ठरुग्ण, अनाथ मुले, गुरेढोरे, झाडेझुडपे आणि उतारवयात एक नदी यांना सामावून घेईल एवढा त्यांनी आपला संसारच वाढवला, आणि ते करताना घर चालवण्याचे जुने नियम जसेच्या तसे नव्या माणसांना व नव्या भूमीला लावले. या वाढीचा माग काढणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

साधनाताईंचा जन्म विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नागपूरच्या घुलेशास्त्री घराण्यात झाला आणि ९ जुलै २०११ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याजवळच्या आनंदवनात त्यांचे निधन झाले. या दोन ठिकाणांमधले अंतर शंभरएक किलोमीटरचे असले, तरी संस्कृत विद्येची परंपरा जपणारे एक सोवळे घर आणि समाजाने हाकलून दिलेल्या माणसांची वसाहत यांच्यामधले सामाजिक अंतर त्या काळात किती होते, याची कल्पना आजच्या वाचकाला सहज येणार नाही. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे (१९१४–२००८) यांच्या पत्नी, ही त्यांची सर्वपरिचित ओळख, डॉ. विकास आणि डॉ. प्रकाश यांच्या आई, ही दुसरी. दोन्ही ओळखी खऱ्या असल्या तरी त्या नात्यांच्या आहेत, आणि नात्यातून सांगितलेली ओळख माणसाचे काम झाकून टाकते. बाबांच्या कामाचा हिशोब संस्था, मोर्चे, भाषणे आणि पुरस्कार यांतून मांडता येतो. ताईंच्या कामाचा हिशोब मांडायला तसली कागदपत्रे नाहीत, कारण त्यांचे काम रोज संपणारे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारे होते.

त्यांनी स्वतः मागे ठेवलेला मुख्य दस्तऐवज म्हणजे ‘समिधा’ हे आत्मकथन. मराठीत कर्त्या पुरुषांच्या पत्नींनी लिहिलेल्या आठवणींची एक भक्कम परंपरा आहे. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०), लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ आणि अगदी वेगळ्या सुराचे सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ ही तिची ठळक टोके होत. या पुस्तकांत सार्वजनिक इतिहास स्वयंपाकघराच्या दारातून दिसतो, आणि म्हणूनच सुधारणेची किंमत घरात कोणी, कशी आणि किती मोजली, हे समजण्यासाठी अभ्यासकाला त्यांच्याकडेच वळावे लागते. ‘समिधा’ याच परंपरेत येते; मात्र तिच्या शीर्षकाचा अर्थ बारकाईने पाहण्याजोगा आहे. यज्ञात अग्नीला अर्पण केल्या जाणाऱ्या पळस, पिंपळ, औदुंबर, आघाडा अशा ठरावीक वनस्पतींच्या वाळलेल्या काटक्या म्हणजे समिधा. पाहणाऱ्याचे लक्ष ज्वाळेकडे जाते आणि काटकी जळून जाते, असा या रूपकाचा रोख आहे. शास्त्री घराण्यात वाढलेल्या स्त्रीला हे रूपक सुचणे स्वाभाविक होते आणि त्यातला विनय खरा होता, हे मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. तीच काटकी यज्ञात गेली की समिधा होते आणि चुलीत गेली की सरपण होते. यज्ञ प्रसंगी होतो, चूल दोन वेळा पेटवावी लागते. यज्ञाला यजमान, पुरोहित आणि प्रेक्षक असतात, चुलीपुढे बहुधा कोणी नसते. ताईंच्या आयुष्याचा मोठा भाग या दुसऱ्या अग्नीपुढे गेला, आणि त्यांच्या कर्तृत्वाचा शोध तिथूनच घ्यावा लागतो.

विवाहापूर्वीचे त्यांचे नाव इंदू. घुलेशास्त्र्यांच्या घरातील आचाराचा कणा म्हणजे सोवळे-ओवळे, म्हणजे अन्न, वस्त्र, पाणी आणि स्पर्श यांच्या शुद्धाशुद्धतेचे काटेकोर नियम. कोणी कोणते वस्त्र नेसून चुलीजवळ जायचे, कोणाच्या हातचे पाणी चालायचे आणि कोणाच्या सावलीनेही विटाळ व्हायचा, हे त्या नियमांनी ठरत असे. हिंगणघाटला जन्मलेले, जमीनदार कुटुंबातले, वकिली केलेले आणि गांधीविचाराकडे वळलेले मुरलीधर आमटे त्या सुमारास दाढी-जटा वाढवून विरक्ताच्या वेशात वावरत होते. एका लग्नघरात, सगळे समारंभात गुंतलेले असताना, कपडे धुणाऱ्या वृद्ध मोलकरणीला इंदू कोणाच्या नकळत मदत करत असल्याचे त्यांनी पाहिले आणि त्यातून विवाहाचा विचार पुढे आला, ही हकीकत आमटे कुटुंबाच्या चरित्रसाहित्यात सर्वत्र येते. तिचा उल्लेख सहसा बाबांची पारख दाखवण्यासाठी केला जातो. ती इंदूच्या बाजूने वाचली तर मात्र वेगळी गोष्ट स्पष्ट होते: सेवेची वृत्ती लग्नानंतर पतीकडून मिळालेली नव्हती, ती माहेरच्या मोरीवर आधीच कामाला लागलेली होती. १९४६ मध्ये विवाह झाला आणि महाराष्ट्रातील ब्राह्मण घरांतल्या प्रथेनुसार वधूचे नाव बदलून ‘साधना’ ठेवले गेले. साधना म्हणजे इष्ट गोष्ट मिळवण्यासाठी नेमाने केलेला दीर्घ अभ्यास. नाव पतीने दिले असले तरी त्याचा अर्थ भरून काढण्याचे काम जिला ते मिळाले तिने केले.

लग्नानंतरचे पहिले घर म्हणजे वरोड्याचा ‘श्रमाश्रम’. वेगवेगळ्या जातींची, त्यांतही अस्पृश्य मानलेल्या जातींची कष्टकरी माणसे एकत्र राहतील, कमाई एकत्र करतील आणि एका चुलीवरचे जेवतील, असा हा प्रयोग होता. याच काळात वरोडा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असलेल्या बाबांनी सफाई कामगारांबरोबर मैल्याच्या टोपल्या स्वतः डोक्यावरून वाहिल्या. टोपली वाहणाऱ्या पतीचे आचरण क्रांतिकारक म्हणून नोंदले गेले. पण ती टोपली वाहून घरी आलेल्या माणसाला, आणि त्याच्यासोबत आलेल्या इतरांना, एकाच पंगतीत वाढणे ही सोवळ्यात वाढलेल्या नवविवाहितेसाठी कमी मोठी उलथापालथ नव्हती. जातिव्यवस्था जशी मंदिरात आणि पाणवठ्यावर राहते तशीच ती स्वयंपाकघरातही राहते, आणि तिथून तिला बाहेर काढण्याचे काम त्या घरातल्या बाईनेच करावे लागते. ताईंनी ते केले, आणि विशेष म्हणजे स्वतःची श्रद्धा न सोडता केले: कर्मकांडाला फाटा देणाऱ्या पतीच्या शेजारी त्यांचे देवघर चालू राहिले. सोवळे गेले आणि पूजा राहिली, या निवडीत धर्मातला कोणता भाग माणसांना जोडतो आणि कोणता तोडतो, याचा त्यांनी स्वतः केलेला निवाडा दिसतो.

यानंतरचा टप्पा कुष्ठरोगाचा. मराठी समाजात या आजाराला ‘महारोग’ किंवा ‘रक्तपिती’ म्हणत आणि तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानला जाई. वस्तुतः मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे तो होतो, हे नॉर्वेचे वैद्य हॅन्सन यांनी १८७३ मध्येच दाखवले होते. हा जिवाणू त्वचेवर आणि हातापायांच्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची जाणीव नाहीशी होते, त्यामुळे भाजले, कापले, काटा रुतला तरी रुग्णाला कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजत जातात. म्हणजे लोक ज्या विद्रूपतेला भ्यायचे ती मुख्यतः न कळलेल्या जखमांची परिणती होती, आणि बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जिवाणूला तोंड देण्याची नैसर्गिक शक्ती असल्यामुळे संसर्गाची भीतीही वस्तुस्थितीपेक्षा फार मोठी होती. विदर्भात या कामाची पूर्वपीठिका होती: सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधींनी परचुरेशास्त्री या कुष्ठग्रस्त विद्वानाची शुश्रूषा स्वतः केली होती, वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम उभारले होते आणि अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन हेच काम करत होते. पावसात पडलेल्या एका मरणासन्न रुग्णाला पाहून बाबा प्रथम भयाने दूर गेले आणि त्या भयाची लाज वाटून परत फिरले, हा त्यांच्या चरित्रातला कलाटणीचा क्षण मानला जातो. त्यानंतर १९४९ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्रशिक्षण घेतले. ताईंचा निर्णय मात्र अशा एखाद्या क्षणात दाखवता येत नाही. प्रकाशचा जन्म १९४८ चा आणि विकास त्याहून मोठा. दोन लहान मुलांना घेऊन कुष्ठरुग्णांच्या शेजारी राहायला जाणे, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे मुलांचे आयुष्य पणाला लावणे होते. पतीने स्वतःच्या भयावर मात केली होती. आईला स्वतःच्या आणि मुलांच्याही वाट्याच्या भयावर मात करावी लागली.

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीला सरकारकडून वरोड्याजवळ ५० एकर माळरान मिळाले आणि १९५१ मध्ये तिथे आनंदवन सुरू झाले. हा भाग तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि जिल्ह्याला चांदा म्हणत. आनंदवनाच्या परंपरेत त्या आरंभाची मोजदाद नेहमी एकाच प्रकारे सांगितली जाते: आमटे पती-पत्नी, दोन मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. ही यादी सहसा साधनांची गरिबी दाखवण्यासाठी उद्धृत होते. पण त्यात गाय आणि कुत्रा माणसांच्या बरोबरीने मोजले गेले आहेत, याकडे लक्ष दिले तर ती एखाद्या शेतकरी कुटुंबाची खानेसुमारी वाटू लागते; ‘घरात खाणारी तोंडे किती’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे. इस्पितळाच्या नोंदवहीत गाय येत नाही, संस्थेच्या घटनेत कुत्रा येत नाही. पुढे साठ वर्षे आनंदवनात माणसे आणि जनावरे यांना एकाच हिशोबात धरण्याची जी रीत टिकली, तिचे बीज या पहिल्या यादीत आहे, आणि ती रीत घर चालवणाऱ्या माणसाची आहे.

त्या घरात स्वयंपाक आणि उपचार यांच्यामधली सीमा पुसट होती. बधिर हाताच्या माणसाला तव्याचा चटका कळत नाही, पायाला रुतलेले खापर कळत नाही. म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी पाहणे, विचारणे, पाय धुऊन तळवे तपासणे आणि जखम ताजी असतानाच बांधणे आवश्यक असते. वेदना ही शरीराची राखणदार असते, आणि ती राखणदार गेली की तिची जागा दुसऱ्या माणसाच्या लक्षाने भरून काढावी लागते. डॅप्सोन हे औषध त्या काळात उपलब्ध होऊ लागले होते, तरी ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे. अनेक औषधे एकत्र देऊन ठरावीक मुदतीत रोग बरा करणाऱ्या बहुऔषधी उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. म्हणजे पहिली तीस वर्षे औषध मंद होते आणि जोडीला लागत होते ते पोटभर अन्न, स्वच्छता आणि कोणाचे तरी रोजचे लक्ष. मुलाच्या अंगाला हात लावून ताप ओळखणाऱ्या आईला जे लक्ष सवयीने साधते, तेच येथे उपचाराचे साधन ठरले. त्याला वैद्यकीय कौशल्य म्हणण्याची प्रथा नसली, तरी त्याचे फळ वैद्यकीयच होते.

निसर्गाशी असलेले नातेही याच अंगाने समजून घ्यावे लागते. आनंदवनाला मिळालेली जमीन मुरमाड होती, म्हणजे मातीचा थर पातळ आणि खाली खडकाचा भुगा. झुडपे, साप, विंचू आणि अधूनमधून श्वापदे यांची तिथे वस्ती होती. पहिली गरज पाण्याची असल्याने कुदळी-फावड्यांनी विहीर खणली गेली, आणि ती खणणाऱ्यांत बोटे झिजलेली माणसे होती. पाणी लागल्यावर भाजीचे वाफे, ज्वारीचे शेत, गोठा आणि झाडांची आळी ही क्रमाने आली. यात कुठेही निसर्गरक्षणाची घोषणा नव्हती. मानवी पर्यावरणाविषयीची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद स्टॉकहोमला भरली ती १९७२ मध्ये, आनंदवन सुरू झाल्यावर २१ वर्षांनी. येथे काम करत होती ती परसाची रीत. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, जिथे मोरीचे सांडपाणी आळूला आणि केळीला जाते, खरकटे गोठ्यात जाते, शेण सारवणाला, गोवऱ्यांना आणि उकिरड्याला जाते, उकिरड्याचे खत पुन्हा वाफ्यात येते. मराठी शेतकरी घरात हे वर्तुळ बाईच्या हाताखाली फिरत असे, आणि त्यात ‘कचरा’ नावाची वस्तू जवळजवळ नसे. आनंदवन या परसाचा विस्तार आहे. नंतरच्या काळात तिथे शेणवायूची संयंत्रे, पाणी अडवणारी तळी, लाकडाशिवाय बांधलेली कमानी छतांची घरे आणि टाकाऊ वस्तूंचा पुनर्वापर हे जे प्रयोग झाले ते पुढच्या पिढीचे आणि अभियांत्रिकीचे असले, तरी काहीही टाकून द्यायचे नाही हा त्यांच्यामागचा नियम जुना होता. समाजाने टाकलेली माणसे आणि कसायला टाकाऊ ठरलेली जमीन या दोहोंना तो एकाच वेळी लागू झाला. म्हणून ताईंच्या बाबतीत लोकसेवा आणि निसर्गप्रेम हे दोन स्वतंत्र गुण मानून दोन प्रकरणांत मांडणे चुकीचे ठरते.

जमिनीने साथ दिली तरी गावाने ती लगेच दिली नाही. आनंदवनात पिकलेली भाजी आणि गोठ्यातले दूध वरोड्याच्या बाजारात कोणी घेईना, कारण ते कुष्ठरुग्णांच्या हातचे होते. सोवळ्याचा जो नियम ताईंनी स्वतःच्या चुलीवरून उठवला होता, तोच आता साऱ्या गावाच्या वतीने त्यांच्या शेतमालाला लागू झाला होता. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशींचे स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, त्यांनी रुग्णांबरोबर राबून इमारती उभ्या केल्या आणि तिथलेच अन्न खाल्ले. परके लोक निर्धास्तपणे जेवतात हे पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. पुढे १९६४ मध्ये आनंदवनाच्या आवारात महाविद्यालय सुरू झाले आणि वरोडा परिसरातली मुले शिकण्यासाठी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत येऊ लागली. बहिष्काराचा प्रवास उलट्या दिशेने व्हायला सुमारे बारा-तेरा वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात व्यासपीठावर नव्हे तर ताटावर झाली.

आनंदवनातील वास्तूंची नावेही या दृष्टीने बोलकी आहेत. रोगमुक्त जोडप्यांच्या वसाहतीचे नाव सुखसदन, अनाथ बालकांच्या घराचे गोकुळ, वृद्ध रुग्णांच्या निवासाचे स्नेहसावली, आणि उतारवयातल्या इतर माणसांसाठी उत्तरायण, म्हणजे सूर्याचा उत्तरेकडचा शुभ मानलेला प्रवास. वॉर्ड, बराकी किंवा आश्रयगृह असे शब्द टाळून निवडलेली ही नावे कुटुंबाच्या शब्दकोशातली आहेत: जोडपे, लेकरे, म्हातारी माणसे. कुष्ठरोगाने माणसाची बोटे जातात त्याआधी त्याचे कुटुंब जाते, हे लक्षात घेतले की या शब्दांचे मोल कळते. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते आणि ती तरतूद वैयक्तिक कायद्यांतील दुरुस्तीने थेट २०१९ मध्ये रद्द झाली. कायदा जो संसार मोडण्याची मुभा देत होता, तोच संसार पुन्हा मांडून देण्याचे काम आनंदवन त्याआधी कित्येक दशके करत होते. लग्न लावणे, बिऱ्हाड थाटून देणे, रुसवे-फुगवे मिटवणे, बाळंतपणे पाहणे ही कामे कोणत्याही वडीलधाऱ्या बाईच्या वाट्याची असतात. ती शेकडो कुटुंबांच्या वाट्याला आली की त्यांना पुनर्वसन म्हणतात.

या संसाराच्या फांद्या पुढे लांबवर गेल्या. १९६७ मध्ये मूलजवळ सोमनाथ प्रकल्प सुरू झाला, जिथे बरे झालेले रुग्ण शेतकरी म्हणून उभे राहिले आणि उन्हाळ्यातल्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातल्या तरुणांच्या अनेक पिढ्यांना मातीत राबायला लावले. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि धाकटा मुलगा प्रकाश व सून मंदाकिनी, दोघेही डॉक्टर, वीज आणि पक्का रस्ता नसलेल्या त्या रानात राहायला गेले. थोरले विकास आणि त्यांच्या पत्नी भारती, तेही दोघे डॉक्टर, आनंदवनात राहिले. शिकलेल्या मुलांनी शहरात स्थिरावावे ही मध्यमवर्गीय मराठी आईची सर्वसाधारण अपेक्षा असते. येथे दोन्ही मुले आणि दोन्ही सुना यांनी उलटी वाट धरली. हेमलकशाला शिकारीत आई गमावलेल्या माकडाच्या पिल्लापासून वन्यप्राण्यांचे जे अनाथालय उभे राहिले आणि ज्यातल्या ‘नेगल’ या बिबट्याला विलास मनोहर यांच्या पुस्तकाने मराठी वाचकांच्या घरोघर नेले, त्याची मुळे लंगड्या गायीला कुटुंबात मोजणाऱ्या घरात शोधावीत, असे सुचवणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पोरक्या जिवाला आधी पोटभर घालायचे आणि मग तो कोणाचा, कोणत्या जातीचा, माणूस की जनावर हे पाहायचे, हा क्रम मुले प्रवचनातून शिकत नाहीत. ती तो घरात पाहतात.

उत्तरायुष्यातला सर्वांत अवघड टप्पा नर्मदेचा. १९९० मध्ये, म्हणजे चार दशकांच्या कष्टाने आनंदवन बहरलेले असताना, आमटे दांपत्य ते सोडून मध्य प्रदेशातील बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठी राहायला गेले आणि पुढची सुमारे दहा वर्षे तिथेच राहिले. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामागे वरपर्यंत चढत जाणाऱ्या पाण्यात, बुडणाऱ्या गावांच्या बाजूने उभे राहणे हा त्यामागचा हेतू होता. बाबांना मणक्याच्या विकारामुळे बसता येत नसे. ते उभे तरी राहत किंवा पडून तरी असत. अशा पतीची शुश्रूषा, भेटीला येणाऱ्या कार्यकर्त्यांची आणि विस्थापितांची ऊठबस आणि पाणी चढत येण्याची टांगती तलवार, या तिन्हींचा भार साठी ओलांडलेल्या बाईने तिथे पेलला. बुडणार हे ठाऊक असलेल्या जागी घर मांडणे ही कृती राजकीय होती, परंतु ती प्रत्यक्षात कशी घडली हे पाहिले तर चूल लावणे, पाणी भरणे आणि दारात झाड लावणे याच क्रमाने घडली. ज्या बाईने उजाड जमिनीवर घर वसवून दाखवले, तिला वसलेली घरे बुडवण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

अशा आयुष्याचे स्मरण करताना दोन धोके टाळावे लागतात. पहिला गौरवाचा. ‘त्यागमूर्ती’ आणि ‘माउली’ या शब्दांनी स्त्रीचे श्रम पवित्र होतात आणि त्याच क्षणी मोजण्यापलीकडे जातात. जे मोजले जात नाही त्याचा मोबदला, त्याची दमणूक आणि त्यातला अन्यायही विचारात घेतला जात नाही. विचारल्याशिवाय झालेले निर्णय, अपुरा पैसा, मुलांच्या वाट्याला कमी आलेला वेळ यांविषयी या परंपरेतल्या स्त्रियांनी जे लिहून ठेवले ते सौम्य शब्दांत असते, पण सौम्य आहे म्हणून ते कमी खरे ठरत नाही. दुसरा धोका एका घराण्याच्या तेजात इतरांना अंधारात ठेवण्याचा. आनंदवनाच्या विहिरी, शेते, इमारती आणि माग ज्यांनी उभे केले ते कुष्ठरुग्ण कोणाच्या दयेवर जगणारे नव्हते. त्या वसाहतीची उभारणी त्यांच्या श्रमांवर झाली, आणि दानापेक्षा काम माणसाला सावरते हा तिथला पायाभूत विचार त्यांनीच आपल्या हातांनी सिद्ध केला. घरात कर्ती बाई असते याचा अर्थ घर तिचे एकटीचे असते असा होत नाही. ज्या घरात प्रत्येकाच्या वाट्याला काम येते तेच घर टिकते, आणि ती कामे वाटून देणे व त्यांचा मेळ बसवणे हेच कर्तेपण. साधनाताईंचे मोठेपण या अर्थाने पाहिले, तर इतरांचे मोठेपण कमी करून ते सांगण्याची गरज उरत नाही.

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांचे आनंदवनात निधन झाले. त्याच वर्षी प्रकाश आणि मंदाकिनी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो १९८५ मध्ये मिळालेला होता. बाबांच्या इच्छेनुसार त्यांचा देह चितेवर न ठेवता आनंदवनाच्या मातीत पुरला गेला. हिंदू घरातल्या या शेवटच्या संस्काराकडे बहुतेक नोंदी बाबांच्या विचारनिष्ठेची खूण म्हणून पाहतात आणि ती तशी आहेच. पण ‘समिधा’ लिहिणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांनी पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. एका देहाच्या दहनाला काही मण लाकूड लागते. ज्या माळावर पहिली काही वर्षे सावलीसाठी झाड नव्हते, तिथे वाढवलेल्या झाडांतले एकही त्या घराने आपल्या कर्त्या पुरुषासाठी तोडले नाही. जे शरीर उरले ते, परसातल्या प्रत्येक उरलेल्या गोष्टीप्रमाणे, मुळांच्या स्वाधीन केले. त्यानंतर साधनाताई त्याच झाडांच्या सावलीत आणखी तीन वर्षे राहिल्या.